जाळ्याचा हिरवा तुकडा

१८ नोव्हेंबर

आचल,

'चिरंजीव', 'अनेक आशीर्वाद' वगैरे लिहायला घेतलं होतं, मग खोडलं. फोनच करणार होतो. पण फोनवर आपलं दोन वाक्यांत बिनसतं आणि तुझी सीमावहिनी आतून सांगते, हळू बोला, माय ऐकून राहिली. पत्रात निदान तुला मला मधेच तोडता येत नाही.

काम आहे म्हणून लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हरभरा चांगला उगवला आहे. आपल्या विहिरीचं पाणी खारं, म्हणून ओलीत नाही. वर्षाचं जे काही आहे ते जमिनीतल्या ओलाव्यावर येणारा हा हरभरा, हे तुला सांगायला नको. पण रानडुकरं आणि रोह्यांचे कळप यंदा दिवसाढवळ्या येतात. गेल्या साली शेताच्या कडेकडेने सगळ्या धुऱ्यांवर मायच्या आणि सीमाच्या जुन्या साड्या बांधल्या होत्या. डुकरांनी साड्यांचा मान ठेवला नाही. बाबा जागलीला जायचे, पण माझे गुडघे आता त्या मचाणावर चढत नाहीत.

खालच्या अंगाच्या एका गावात कोणीतरी समुद्रावरची जुनी जाळी आणून शेताभोवती लावली आहेत. म्हणतात, डुक्कर त्यात तोंड घालत नाही. तू काम करतेस त्या समुद्रकाठच्या कासव केंद्राच्या मागे अशा जाळ्यांचा ढीग पडलेला असतो, हे मला विपुलच्या मोबाइलवर दिसलं. मामेभावाला तू फोटो पाठवतेस, सख्ख्या भावाला नाही. असो. फोटोत तू हसते आहेस आणि मागे तो निळा-हिरवा ढिगारा आहे. विपुल म्हणाला, "भाऊ, तुमी बहिणीकडे कमी अन् जाळ्याकडं जास्त पाहून राहिले." तसं नव्हतं.

ती जाळी टाकूनच द्यायची असतील तर इकडे पाठव. अकोल्यापर्यंत ट्रान्सपोर्टने आली की पुढे विपुल त्याच्या मालाच्या ऑटोतून आणेल.

हक्कसोडीच्या कागदाबद्दल या पत्रात काही नाही. बहिणी भावांसाठी जमिनीवरचा हक्क सोडतात, आत्याने सोडला, मावशीने सोडला, तू सही केली नाहीस आणि बाबांच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीतून उठून गेलीस. नदीकडचा तुकडा तुझ्या नावावर आहे. तिथेही हरभराच पेरला आहे. डुकरांना सातबारा कळत नाही.

तुझा,
नितेशदादा

२१ डिसेंबर

आचल,

जाळं पोचलं. तू पाठवशील असं वाटलं नव्हतं.

अकोल्याच्या गोदामातून विपुलने पोती उचलली तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं. घरासमोर ऑटो थांबवून खाली उतरला तो नाक धरूनच. "पुरा मच्छीबजार उठवून पाठवला तुमच्या बहिणीनं. आता माह्या ऑटोत कोणी तुरीचं पोतं ठेवते काय?" गावातली कुत्री दोन दिवस आपल्या अंगणातून हलली नाहीत. सीमाने जाळं धुवायचं म्हणून टाक्यात घातलं, पण आपल्याच खाऱ्या पाण्याने ते काय धुतलं जाणार? वास तसाच राहिला.

पोत्यातली तुझी चिठ्ठी वाचली. चार तुकडे नारिंगी दोरीने शिवून एक केले आहेत, चारही कासवांच्या अंगावरून कापून काढलेले आहेत, हे वाचून मी ते अंगणात पसरून बघितलं. निळा, पांढरा, काळा, हिरवा. हिरव्यात जी अडकली होती तिचा पुढचा उजवा पाय कापावा लागला, असं तू लिहिलं आहेस. त्या पायाला तुमच्याकडे पर म्हणतात म्हणे. आणि केंद्रातल्या मुलींनी तिचं नाव वच्छला ठेवलं, कारण ती खात नाही आणि कोणी जवळ गेलं की तोंड फिरवते.

हे मी मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माह्यं नाव कासवाले? अन् जेवत नाही म्हणते? मी तं दोन टाइम जेवतो." थोड्या वेळाने पुन्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "तोंड फिरवते ते बराबर हाये." दिवसभर हसत होती. तू गेल्यापासून ती अशी हसलेली मला आठवत नाही.

तुझ्या दोन अटी. पहिली, मृगाआधी जाळं काढून घरात ठेवायचं, नदीकाठ आहे, पुरात गेलं तर परत समुद्रातच जाईल. मान्य. मी शब्द देतो. तू शब्दच मागितला आहेस, म्हणून लिहून देतो.

दुसरी, जाळं नुसतं टांगायचं, खालचा दोर जमिनीत पुरायचा नाही. हे मात्र जमलं नाही. डुक्कर वरून उडी मारत नाही, खालून मुसंडी मारतं. दोर मोकळा ठेवला तर जाळं उचलून पाच मिनिटांत सगळं कुटुंब आत. आपल्याकडे साडीचा काठही पुरतात, तसा वीतभर चर काढून दोर पुरला. तुमच्या समुद्रात डुकरं नसतात. काढताना ओढून काढू, त्यात काय.

हिरवा तुकडा नदीकडच्या बाजूला, तुझ्या हिश्श्यावर लागला आहे. मुद्दाम नाही, शिवणीच्या क्रमानेच तो तिथे आला.

दादा

११ फेब्रुवारी

आचल,

त्या सकाळी आपण बोललो त्यानंतर लिहीन म्हणत होतो. सोंगणीत राहून गेलं. हरभरा हाताला लागला, जाळ्यामुळेच लागला. हे तुला आधी कळायला हवं, कारण त्या दिवशी फोनवर तू त्याचं विचारलंच नाहीस आणि मी सांगितलं नाही.

जाळ्यात अडकलेलं ते हरणाचं पाडस जगलं असावं. त्यानंतर कळपात एक थोडं लंगडणारं दिसतं, सीमा म्हणते तेच. मला सगळी हरणं सारखीच दिसतात.

तू लांबून ऐकत होतीस म्हणून इथलं सांगतो. आम्ही पोचलो तेव्हा ते हिरव्या तुकड्यात उलटं पडलं होतं. मागचे दोन्ही पाय आणि मान. जेवढं ओढायचं तेवढा फास बसायचा, तरी ओढायचं. त्याची आई धुऱ्यापलीकडे उभी होती, जातही नव्हती, येतही नव्हती. मी विळा काढला आणि सीमाने हात धरला, "तुमी त्याचा पायच कापसान. आचलले फोन लावा." तिनेच विपुलकडून नंबर घेतला. म्हणजे तू नंबर बदललास आणि तो विपुलला दिलास, मला नाही.

तू 'हॅलो' म्हणालीस आणि मी 'मी नितेश' म्हणालो. सख्ख्या बहिणीला नाव सांगायची वेळ.

मग तू जे बोललीस ते सीमा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

"दादा, ओढू नको. डोळ्यावर फडकं टाक आधी."

"टाकलं."

"आता दोऱ्याखालून तुह्यं बोट घाल. पातं तुह्या बोटाकडं राहू दे, त्याच्या कातड्याकडं नाही."

"अन् माह्यं बोट कापलं तं?"

"तुले टाके घालता येतात."

बोट कापलंच. पण सुटलं. उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि गेलं. सीमा तिथेच मातीत बसून रडली. आणि तू फोन ठेवला नाहीस. मीही ठेवला नाही. तेव्हा तू सांगत गेलीस आणि मी धुऱ्यावर बसून ऐकत गेलो. नायलॉनचा दोरा दिवसेंदिवस मांसात कसा उतरत जातो, हाडापर्यंत. पाण्यात जाळं ओढत ओढत कासव जगतं, थकलं की पृष्ठभागावर येत नाही. आणि त्या वच्छलाचं, की पाय गेला त्याचं फार नाही, तीन पायांवरही पोहता येतं; तिच्या आतड्यात प्लास्टिक आहे ती खरी अडचण. पिशव्यांच्या चिंध्या, कुठल्याशा बाटलीच्या झाकणाचा तुकडा, चण्याच्या डाळीएवढाले कण. ते अडकून आत वायू धरतो आणि ती एका अंगावर तरंगत राहते. खाली जाता येत नाही. खाणं खाली असतं. वर ऊन लागतं, होड्या लागतात. तू म्हणालीस, "दादा, तिले बुडता येत नाही, म्हणून ते मरते."

मी आजवर बुडून मेलेलेच ऐकले होते.

इतकं झाल्यावर मी तो विषय काढायला नको होता. म्हटलं, बोलतेच आहे तर विचारावं. "मग कागदाचं काय ठरवलं?" एवढंच म्हणालो. तू फोन ठेवलास.

मी पेपरच्या कचेरीत बातमीदार होतो तेव्हा संपादक म्हणायचे, नितेश, तुझी बातमी चांगली असते, शेवटचं वाक्य मी कापतो. इथे कापणारं कोणी नव्हतं.

दादा

२९ जून

आचल,

मृग कोरडा गेला. पाऊस लांबला तसं सगळंच लांबलं. जाळं काढायला घेतलं आहे. काळजी करू नकोस.

मायची तब्येत ठीक. माझ्या गुडघ्याच्या इंजेक्शनसाठी मी दोनदा अमरावतीला जाऊन आलो.

वच्छला खाते का आता? मायने विचारलं आहे.

दादा

२५ जुलै

आचल,

विपुलने तुला सांगितलं आणि तू त्याला जे उत्तर पाठवलंस ते त्याने मला वाचून दाखवलं नाही, मोबाइल माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन ऑटो पुसत बसला. "दादाले सांग, कागद पाठव. सही करतो. त्या वावराशी माह्यं आता काही नाही."

आधी तुला झालं ते लिहितो.

मागच्या पत्रात 'काढायला घेतलं आहे' असं लिहिलं होतं. घेतलं नव्हतं. घेणार होतो. मे महिन्यात जमीन फाटली होती, भेगांतून दोर दिसत होता, तेव्हा दोन माणसांत अर्ध्या दिवसाचं काम होतं. रोज सकाळी वाटायचं, उद्या. ऊन फार होतं, हे खरं आहे, आणि मी दमलो होतो, हेही खरं आहे. दुसऱ्याचं दुर्लक्ष असतं तर मी दोन ओळींत लिहिलं असतं.

मग पाऊस आला आणि काळी माती फुगली. मी, सीमा आणि शेजारचे श्यामराव, तिघांनी ओढलं. दोर वीतभरच खोल होता, पण मातीने तो असा धरला होता की श्यामराव म्हणाले, "नितेशभाऊ, हे जाळं नाही, हे झाड हाये आता. मुळं धरली त्यानं." वरून कापून टाकावं तर खालचं तसंच राहील, म्हणून चार दिवस उघाडीची वाट बघायचं ठरवलं. माती सुकली की सोडेल. तू म्हणाली होतीस, पुरू नको. समुद्रावर बसून तुला काळी माती आठवली होती आणि मला तिच्यात उभं राहून आठवली नाही.

उघाड मिळाली नाही. पेढी नदीला पूर आला. पाणी ओसरल्यावर गेलो तर नदीकडचा धुराच नव्हता. मातीने ज्याला सोडलं नाही ते पाण्याने मातीसकट नेलं. खुंट, दोर, चारही तुकडे. सोयाबीनही वाहून गेलं, पण ते माझं होतं.

तुझा निरोप घरात सगळ्यांना कळला आहे. सीमाने चहा ठेवला आणि विचारलं, "झालं ना मनासारखं?" टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. दोन वर्षं मी जिची वाट बघितली ती सही मिळते आहे. भातकुलीला तहसिलात जाऊन कागद करून आणायचा, पोस्टाने तुझ्याकडे पाठवायचा, झालं. उठलोही होतो. चप्पल घातली. माय ओट्यावर गहू निवडत होती. वर न बघता म्हणाली, "जाळं पाहाले चालला का कागद आणाले?"

मी जाळं म्हणालो. म्हणून आता जावं लागणार आहे.

दादा

७ ऑगस्ट

आचल,

पेढी पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, तापी सुरतेपाशी समुद्राला. शाळेत पाठ केलं होतं. त्या वाटेने जाळं शोधायला कोणी निघत नाही, म्हणून लोकांना समजावणं कठीण गेलं. नदीकाठच्या गावात जाऊन विचारायचं, पुरात मासेमारीचं जाळं दिसलं का? लोक विचारत, तुमी भोई काय? नाही, शेतकरी. मग जाळं कशाले? पुढे मी सांगणं सोडून दिलं. विपुल परस्पर सांगायचा, "भाऊचं बहिणीसंग भांडण झालं." हे मात्र सगळ्यांना पटकन समजायचं आणि मग ते बरोबर येऊन दाखवायचे.

निळा तुकडा आपल्याच शिवाराच्या खाली सापडला, काठावरच्या बाभळीवर उंच लटकलेला. त्यात काटक्या, पिशव्या, कोणाची तरी चप्पल. पांढरा आणि काळा त्यापुढच्या बंधाऱ्याला, फळ्यांना गुंडाळून बसले होते. त्या दोघांमधली तुझी नारिंगी शिवण अजून शाबूत होती.

काळ्यात मासे कुजले होते. एक दिवड साप मेलेला. आणि दोन कासवं. आपल्या नदीतली, लहान, मऊ पाठीची. आपल्या पेढीत कासवं आहेत हे मला माहीत होतं का? होतं, लहानपणी बघितली होती. मग विसरलो. तुमच्याकडे समुद्रात आहेत म्हणून हळहळलो आणि घरामागची विसरलो.

एक गेलेलं होतं. दुसऱ्याची मान हलली.

मी विपुलला म्हटलं, फडकं टाक डोळ्यावर. तो म्हणाला, "भाऊ, ते तं मुंडकंच आत घेते. फडकं कोणाले टाकू, तुमाले?" तरी त्याने टाकलं. मी बोट घातलं, पातं माझ्याकडे ठेवलं. मागचा पाय दोऱ्याने सुजून जांभळा झाला होता. वेळ लागला. त्याने मला चावायचा प्रयत्न केला, म्हणजे जीव होता. सुटल्यावर बंधाऱ्याच्या कडेला संथ पाण्यात नेऊन सोडलं. थोडं थांबलं आणि खाली गेलं. सरळ खाली, दिसेनासं झालं. आम्ही बराच वेळ बघत होतो, वर आलं नाही.

कोणी बुडाल्याचं बघून बरं वाटलं, असं पहिल्यांदाच झालं.

हिरवा तुकडा मिळाला नाही. त्याला काळ्याशी जोडणारी शिवण बंधाऱ्यापाशीच उसवली आहे. पुढे पूर्णेच्या काठाने गांधीग्रामच्या पुलापर्यंत गेलो. पुलाच्या खांबांना गवत आणि प्लास्टिक एवढं लागलं होतं की खांब दिसत नव्हते. काठीने उकरलं. एका गुराख्याने सांगितलं, हिरवं काहीतरी मोठं, दोन-तीन दिवसांपूर्वी मधल्या धारेतून गेलं. झाडाची फांदी असेल, असं त्याला वाटलं होतं. पुढे हतनूरचं धरण आहे, त्याच्या पुढे उकाईचं, तिथे अडकेल, असं सगळे म्हणतात. मलाही तेच म्हणावंसं वाटतं. पण पुराच्या दिवसांत दारं उघडी असतात, हे मी स्वतः बातमीत लिहिलेलं आहे.

तुला हे लपवून ठेवता आलं असतं. तीनच मिळाले तरी चारही मिळाले, असं लिहिलं असतं तर तू कुठे मोजायला येणार होतीस? पण तो नेमका तोच तुकडा आहे, ज्याने तिचा पाय नेला आणि पाडसाची मान धरली. तो सुटला आहे आणि त्याला माझ्या शेतातून वाट मिळाली. तुमच्या होड्यावाल्यांना सांगून ठेव. एका कडेला नारिंगी दोरी आहे, तुझ्या हातचे टाके.

आता माझं. मी येतो आहे. मी समुद्र बघितलेला नाही, हे तुला माहीत आहे. आता या वयात तो बघायला असा जाळं घेऊन येईन, असं वाटलं नव्हतं. तीन तुकडे धुवून, वाळवून दोन पोत्यांत भरले आहेत. ते इथे ठेवणार नाही. इथे ठेवलं तर पुढच्या हंगामात मी पुन्हा लावेन, मला मी ओळखतो. डुकरांचं काय करायचं ते अजून माहीत नाही.

कागद आणत नाही. नदीकडचा तुकडा तुझा आहे, तो तुझाच राहू दे. धुरा वाहून गेल्याने थोडा कमी झाला आहे, तेवढी तुझी भरपाई माझ्याकडे बाकी. पुढच्या साली तिथे काय पेरायचं आणि त्याला काय लावायचं, ते तू सांगायचं. एवढं सगळं झाल्यावर तुला त्या वावराशी खरंच काही नको असेल तर तेही समोर बसून सांग. विपुलच्या मोबाइलवर नको.

मायने हरभऱ्याची वाळवलेली भाजी बांधून दिली आहे. जाळ्याच्या पोत्यापासून लांब ठेव म्हणून तीनदा बजावलं. आणि विचारलं आहे, तिच्या नावाची आता बुडते का.

अकोल्याहून सुरतेची गाडी आहे, तिथून खाली तुमच्याकडे. विपुल सांगतो, ही गाडी पुढे तापीच्या खोऱ्यातूनच जाते, अधूनमधून नदी दिसते. खिडकीची जागा घेतली आहे. या दिवसांत सगळंच हिरवं असतं, पण जाळ्याचं हिरवं वेगळं असतं, तुला माहीत आहे. तसं काही दिसलं तर मी मधेच उतरेन.

मग उशीर होईल. वाट बघ.

दादा